काउंटरखालची टोपली

ताईची लॉन्ड्री म्हणजे पुढे काउंटर, मागे इस्त्रीची खोली आणि मध्ये एक विटका पडदा. कपडे आले की ताई ते वेगळे करी. चादरी एका टोपलीत, शर्ट-पँटी दुसरीत. या दोन्ही पडद्यामागे भावाकडे जात. लहान मुलांचे कपडे मात्र काउंटरखालच्या टोपलीत पडत आणि ते ती स्वतः उभ्या उभ्या उरकी. भाऊ तुरुंगातून सुटून तिच्याकडे राहायला आल्यापासून असंच चाललं होतं. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असे : लहान कपड्यांना हलका हात लागतो.

भावाचा गुन्हा सांगायला जीभ रेटत नाही. शेजारणीची मुलगी त्याच्याकडे गणित शिकायला येई, बाहुल्यांशी खेळायचं वय तिचं. तिनं रडत रडत आईला जे सांगितलं ते कोर्टाला पटलं, ताईला पटलं नाही. पोरगी थापा मारते, असं तिनं जिन्यात, बाजारात आणि भर कोर्टातसुद्धा छातीठोकपणे सांगितलं. शेजारीण तिची जिवाभावाची मैत्रीण. ती घर सोडून गेली तेव्हा ताई दाराशीही आली नाही. आपलं माणूस म्हटलं की बाईला कधी कधी दुसऱ्याचं लेकरू दिसत नाही, हेच खरं.

भाऊ घरी आला तशी ताईच्या लेकीनं नातीला आणणं बंद केलं. नातीवाचून ताईचा जीव कासावीस होई. आणि आज सकाळी लेकीचाच फोन आला.

"आई, मला कामासाठी परगावी जायचंय. छोटीला ठेवायला दुसरं कोणी नाही. मामानं काही केलं नाही, असं तू इतकी वर्षं सांगतेस. माझं मन घेत नाही, पण तू तिची शपथ घेऊन सांग, मी आणून सोडते. संध्याकाळी फोन करते."

ताईला आभाळ ठेंगणं झालं. त्यात शपथेचं काय एवढं! त्या आनंदाच्या भरात तिनं सकाळचे कपडे न बघताच टोपल्यांत कोंबले आणि मागे ढकलले.

दुपारी ती पडद्याआड गेली. इस्त्री झालेल्या शर्टांची चळत नीट लागली होती. खुर्चीवर एक पिवळा फ्रॉक चुरगळलेलाच पडला होता, आणि भाऊ त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा होता.

"हा इकडे कसा आला, ताई?"

"चुकून आला असेल. त्याला हलका हात..."

"माझा हात हलकाच आहे." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू हे का करतेस ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. बरं वाटलं मला. वाटलं, चला, हिला तरी ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ती पोर खरं बोलत होती, ताई."

तोंडानं ताई जगाशी भांडत राहिली होती आणि हात मात्र रोज टोपल्या वेगळ्या करत होते. फ्रॉक उचलून ती बाहेर आली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय ठरलं, आई? आणू का?"

"नको आणूस."

लेक हळूच म्हणाली, "म्हणजे मामानं..."

"हो. शेजारणीचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? मला तिच्याशी बोलायचंय. त्या पोरीशी बोलायचंय."

"आहे," लेक म्हणाली. "पण तुला द्यायचा नाही, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलंय."

ताईनं फोन ठेवला. फ्रॉक उद्या सकाळी द्यायचा होता. तिनं तो काउंटरवर पसरला आणि इस्त्री तापायची वाट बघत उभी राहिली.