शेपटीवरचं ओलं फडकं

मित्रांनो, मी एक जुनी शेपटी आहे. हसून घ्या. बत्तीस वर्षं लोक हसत आलेत, मला सवय आहे. पण मी साध्यासुध्या माकडाची नाही, थेट मारुतीरायाची आहे. रिसोड तालुक्यात, केनवडच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथं नवरात्रात रामाचा खेळ होतो. नवमीला दिवेलागणीच्या सुमारास त्या खेळातली लंका जाळायची, हे माझं काम.

माझा कणा अंबाडीच्या दोराचा. मांस फरदडीचं, म्हणजे शेवटच्या वेच्याच्या, बाजारात कुणी ढुंकून न पाहणाऱ्या कापसाचं. कातडी गोणपाटाची. मला शिवलं धुरपताबाईनं. तिचा नवरा लखीराम त्या वर्षी पहिल्यांदा मारुती झाला होता, आणि तिच्याइतकी पक्की शिवण गावात कुणाची नव्हती. शिवून झाल्यावर मला देवळात नेलं, शेंदराचं बोट लावलं आणि तिथून नियम सुरू झाला. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या शेपटीला बाईचा हात लागता कामा नये. लखीरामला तेव्हा दोन लेकरं होती, पण नियमाला त्याची अडचण वाटली नाही. दुपारपर्यंत मी कापूस होते, तोवर तिचा हात चालला. संध्याकाळी मी देव झाले आणि तिचा हात बाटला.

आमच्या गावात रामायण पोथीत कमी आणि बोलण्यात जास्त आहे. झोपाळू तो कुंभकर्ण, कळलाव्या तो नारद, वाटणी मागणारा भाऊ तो बिभीषण. दौलतसिंग अठरा वर्षं रावण होतो. माणूस इतका गरीब, की बैलालाही अहो-जाहो करील, पण त्याची बायको भर बाजारात फोनवर विचारते, "लंकेश, मीठ आनू का?" सीता म्हणून बरीच वर्षं मिशी काढलेला पुरुष उभा राहायचा. तो चालायचा. अडचण फक्त शिवणाऱ्या बाईची.

पहिल्या वर्षी माझ्या टोकाला रॉकेलची चिंधी बांधली आणि पेटवली. आग टोकावर थांबेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आगीनं तसं काही गृहीत धरलं नव्हतं. ती माझ्या अंगावरून सरसर वर चढली आणि लखीरामच्या पाठीवर तळहाताएवढे फोड आले. गावानं लगेच कारण शोधलं. "व्रतात खोट असंन बाप्पा," म्हणाले. मारुतीनं नऊ दिवस अनवाणी राहायचं, एकदा जेवायचं, भुईवर निजायचं. यातलं काहीतरी चुकलं असणार.

धुरपताबाईनं व्रताचा विचार केला नाही, आगीचा केला. दुसऱ्या वर्षी नवमीला लखीराम आंघोळीला गेला, तेव्हा तिनं घराचं दार लोटलं. गोणपाटाचं फडकं चिखलात कालवून ओलंगच्च केलं आणि टोकापासून हातभर अंतर सोडून माझ्याभोवती करकचून आवळलं. वरून शेंदूर फासला. त्या संध्याकाळी आग फडक्यापर्यंत आली, चर्र झाली आणि थांबली. लखीराम उड्या मारत राहिला. गाव म्हणालं, "मारुतीरायाची किरपा!" लोक त्याच्या पाया पडले.

अशी तीस वर्षं गेली. लखीरामला सगळं ठाऊक होतं. आंघोळीला तो मुद्दाम वेळ लावायचा. पण कुणी कृपेचं बोललं, की डोळे मिटून हात जोडायचा. मला तोंड असतं तर तिथंच ओरडले असते. शेपटीला सगळं दिलं देवानं, लांबी दिली, वळण दिलं, तेवढं तोंड द्यायला विसरला.

यंदा लखीरामचे गुडघे बसले. मंडळाचे अध्यक्ष माणिकराव. त्यांनी आपला पुतण्या रविकांत मारुती ठरवला. पोरगा तसा चांगला, रिसोडला जाऊन व्यायाम करतो, दंड फुगवून दाखवतो. घटस्थापनेला मी वाजतगाजत त्याच्या घरी गेले. निघताना धुरपताबाई दारात नवऱ्याला हळूच म्हणाली ते मी ऐकलं.

"त्या पोराले फडक्याचं सांगजा."

"काय सांगू? तीस वर्स बायकोनं बांधलं म्हनू?"

"मंग काय झालं?"

"माही काय इज्जत राह्यते धुरपता?"

"अन् त्याची पाठ?"

लखीरामनं गुडघा चोळला.

नवमी आली. राशनच्या दुकानात रॉकेल मिळणं बंद होऊन जमाना झाला, म्हणून रविकांतनं मोटारसायकलीतून पेट्रोल काढलं. एक चिंधी भिजवून त्याचं समाधान झालं नाही. "मस्त पेटली पायजे," म्हणत त्यानं मला अर्ध्यापर्यंत न्हाऊ घातलं. मित्रांनो, स्वतःच्या अंगाला पेट्रोलचा वास येतोय आणि बोलता येत नाहीये, या अवस्थेला मराठीत शब्द नाही. असला, तर असंसदीय असेल.

गेल्या सालच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचून लंका उभी केली होती. सोयाबीन काढून आलेले लोक अंगावरचं भुसकट-कुटार न झटकताच येऊन बसले. लखीराम पहिल्या रांगेत, गळ्यात सत्काराचा हार. धुरपताबाई बायकांच्या बाजूला, पुढ्यात एक बादली.

दौलतसिंग सिंहासनावरून गरजला, "या वानराच्या पुच्छास अग्नी लावा!" राक्षसांनी काडीपेटी काढली.

धुरपताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मांडवाचे दिवे मोजत होता. मग ती उठली, बादली उचलली आणि सरळ रावणाच्या दरबारात शिरली.

"ओ वयनी!" माणिकराव ओरडले. "थांबा! कुठी चालल्या? मारुतीले बाईचा हात लागत नसते!"

"लागते," ती म्हणाली. "तीस वर्सापासून लागून राह्यला. इचारा त्याइले."

सगळ्या मांडवानं लखीरामकडं मान वळवली. त्यानं हारातला एक झेंडू कुस्करला. समुद्र ओलांडायला मारुतीला एक उडी पुरली होती. लखीरामला एक शब्द ओलांडायला फार वेळ लागला.

"खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "तिनंच बांधलं दरसाल. माही पाठ तिनं वाचवली. बांधू द्या तिले."

"पन नियम..." माणिकराव पुन्हा उठले.

"खाली बसा माणिकराव!" सिंहासनावरून दौलतसिंग म्हणाला. "लंकेचा राजा मी आहो. बांधा वयनी, घट्ट बांधा. पोरगं भाजंन नाही तं!"

लोक हसले आणि हसण्यात नियम बुडाला. धुरपताबाईनं आधी माझं पेट्रोलनं माखलेलं गोणपाट दातानं उसवून आतल्या भिजल्या कापसासकट ओरबाडून काढलं, बादलीतला चिखल थापला, फडकं आवळलं, टोकाला कोरडी चिंधी लावली. तोंडानं रविकांतला शिव्या चालू होत्या. मारुतीला मिळालेल्या त्या गावातल्या पहिल्याच शिव्या. मग काडी लागली. लंका झकास जळाली. आग फडक्याशी आली आणि थांबली. रविकांतच्या पाठीवर डागसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा सत्कार झाला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मंडळाची बैठक झाली. मी बाटले, असं ठरलं. माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. पुढच्या वर्षी दिव्यांची, बटण दाबलं की लाल होणारी शेपटी मागवायची, यावर चर्चा झाली. चौकात आभाराचा फलक लागला. त्यावर ट्रॉलीवाला आहे, मांडववाला आहे, पऱ्हाट्या देणारा आहे. धुरपताबाई नाही.

मित्रांनो, मला चीड येते ती याची. राजांच्या आणि देवांच्या गोष्टी तुम्ही जरूर सांगा, जरूर खेळा. पण कुणी आगीतून सुखरूप बाहेर आला, की नुसत्या आभाळाकडं पाहून हात जोडू नका. जरा खाली बघा. कुठंतरी कुणीतरी चिखलात हात घालून फडकं भिजवलेलं असतं. त्या हाताला निदान नाव विचारा.

बैठक उठल्यावर मला शुद्ध अवस्थेत घरी ठेवायचं काम रविकांतवर आलं. तो घरी गेला नाही. मला काखोटीला मारून थेट धुरपताबाईच्या अंगणात आला.

"काकू, ते फडकं कसं बांधता, मले दाखवा ना."

ती शेंगा निवडत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्या हातांकडं पाहिलं.

"पेट्रोलचे हात घेऊन मारुतीले शिवते व्हय रे? आधी हात धुऊन ये."

पंचक्रोशीचा मारुती मुकाट्यानं नळाकडं गेला.