मापाबाहेरचा सोनटक्का

जीव लावणे आणि मापात बसवणे, या दोन गोष्टी दुरून एकसारख्याच दिसतात. सज्जन माणसाच्या हातून घडणाऱ्या चुका बहुधा या साम्यातूनच जन्म घेतात. आयुष्यभर शिंपीकाम करून घरी बसलेल्या मास्तरांचे असेच झाले.

त्यांची थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आपले बिऱ्हाड मोडताना तिने जिव्हाळ्याची एकच वस्तू सोबत घेतली: ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनटक्क्याचा कंद. दिसायला आल्याचा सख्खा भाऊ, परंतु फुलला की सारे परस दरवळून टाकणारा. डोळ्यांनी साथ सोडली तरी नाकाने बाग भोगता येईल, एवढीच तिची आशा.

मास्तरांनी काही कमी केले नाही. अर्धे ऊन, अर्धी सावली पाहून जागा निवडली, कंद उथळ पुरला, वर वाळक्या पाल्याचे पांघरूण घातले आणि माती कधी सुकू दिली नाही. हिरवेगार दांडे तरारून आले. पण तिसरा हंगाम निम्मा सरला तरी फूल म्हणून दिसेना. शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून रोज विचारीत, "काय मास्तर, पत्र आलं का?" मास्तर हसण्यावारी नेत, पण बोल जिव्हारी लागे. कारण ताईने परवाच शांतपणे सांगितले होते, की कंदाला इथली माती मानवत नाही आणि आपलाही पाहुणचार आता पुरे झाला. हंगाम संपला की आपण वृद्धाश्रमात जाणार.

एका सकाळी मास्तर कात्री घेऊन परसात गेले. त्यांच्यामागे भिंत चाचपडत ताई आली. तिला रोपाला एकदा हात लावायचा होता. तिची बोटे एका दांड्यावरून वर सरकली आणि शेंड्याशी थबकली. मग दुसऱ्या दांड्यावरून, मग तिसऱ्या.

"धाकट्या, हे सगळे एकाच उंचीचे कसे रे?"

"मीच राखतो तसे," मास्तर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "कंबरेच्या वर गेला की छाटतो. सूतभर इकडेतिकडे नाही."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, याला फूल शेंड्यालाच येतं. तीन वर्षं तू झाडाला विजार समजून त्याचे पाय आखूड करतोयस."

दारात उभ्या असलेल्या मास्तरांच्या बायकोला, ताईच्या वहिनीला, हसू आवरेना. मास्तर मात्र मटकन पायरीवर बसले. छाटलेले दांडे आता फुलणार नव्हते. बुडाशी कंबरेपर्यंत न पोहोचलेले पाच कोवळे कोंब तेवढे शाबूत होते. ताईने तळहात पुढे केला. मास्तरांनी निमूटपणे त्यावर कात्री ठेवली, आणि ती ताईच्या ट्रंकेत कुलूपबंद झाली.

पुढचे आठवडे मास्तरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एक कोंब वाढून खिडकीत डोकावू लागला, दुसरा कपड्यांच्या दोरीवर रेलला, तिसरा तर चक्क वाकडा निघाला. त्यांची बोटे शिवशिवत. "हात पाठीमागे," वहिनी आतूनच बजावी, आणि ते मुकाट्याने पाण्याची झारी उचलीत. हंगाम सरत आला तेव्हा शेंड्यांवर हिरव्या खवल्यांची बोंडे धरली.

एका सांजवेळी खिडकीशी बसलेली ताई बोलता बोलता थांबली.

"फुललं," ती म्हणाली.

कोणी काहीच पाहिले नव्हते. मास्तर धावले, तो वाकड्या दांड्यावर दोन शुभ्र फुले, फुलपाखरे नुकतीच येऊन बसावीत तशी. आठवड्याभरात पाचही दांडे फुलले. सुगंध कुंपण ओलांडून गेला आणि पोस्टमनना घेऊनच परत आला.

"आलं म्हणायचं पत्र," ते म्हणाले.

"आलं," मास्तरांची मान ताठ झाली. "थोरलीच्या नावानं."

फुले ओसरल्यावर ताईने ट्रंक उघडली आणि कात्री भावाच्या हाती दिली. फुलून गेलेला दांडा तेवढा बुडापासून काढायचा, तो पुन्हा फुलत नाही. बाकीच्यांना बोट लावायचे नाही, अशी ताकीदही दिली.

"आणि तुझं जायचं?" मास्तरांनी खालच्या आवाजात विचारले.

"मी गेले तर या कात्रीवर नजर कोण ठेवणार?" आंधळी ताई म्हणाली.

त्या परसातल्या प्रत्येक कोंबाला त्याची स्वतःची उंची लाभो, आणि त्या घरातल्या तिघांना एकमेकांचा सहवास.