पहिल्या पावलाचा मान

अनय प्रधान कारकुनीला कंटाळला होता, आणि २००७ साली कंटाळलेल्या माणसाला भिवंडीत एकच औषध मिळायचं: फ्लॅट. "राहायला नव्हे हो तात्या, गुंतवणूक!" असं वडिलांना पटवून त्याने त्यांच्या निवृत्तीची सगळी पुंजी सुरुवातीच्या रकमेत घातली. उरलेलं बँकेचं कर्ज. भाडं येत राहील, भाड्यातून हप्ता जाईल, आणि एक दिवस फ्लॅट जवळजवळ फुकटात पदरात पडेल. तात्यांनी सही केली आणि बराच वेळ पेन हातातच धरून बसले.

इमारत कशेळीला, रामनाथ नावाच्या शेतकऱ्याने विकलेल्या भातशेतावर उठलेली. त्याच्या घराण्यात रीत अशी, की जमीन विकली तरी तिच्यावरच्या नव्या घरात पहिलं पाऊल घरच्या म्हातारीचं. तिला 'या' म्हणायचं, तिच्या हातचा नारळ फोडायचा, मग आपण आत शिरायचं. अनयला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नाही. राहायचंच नाही त्याला कसली वास्तुशांत! ताबा घेतला त्या दिवशी रामनाथची आई, आक्का, नारळ घेऊन दारात बसली होती. अनयला वाटलं, कोणी मागणारी आहे. त्याने दहाची नोट पुढे केली. आक्काने नोटेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. त्याच पावसाळ्यात ती वारली.

पहिले भाडेकरू जेमतेम दोन महिने टिकले. "दिवेलागणीला उंबऱ्यावर एक म्हातारी बसते. काही बोलत नाही, उठतही नाही," म्हणाले आणि गेले. दुसरे न सांगताच गेले. एजंट फोन उचलेना. त्यात बँकेने व्याज वाढवलं. हप्ता पगारातून जाऊ लागला आणि घरी तात्या रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. अनयला भुताची भीती नव्हती. तात्यांसमोर जेवायला बसायची मात्र वाटायची.

शेवटी चौकशी करत तो जमिनीच्या जुन्या मालकाकडे, रामनाथकडे गेला.

"माजी आई कोनाला तरास देनारी न्हाय," रामनाथ म्हणाला. "आत बोलवायची वाट बगते. पन बोलावलीस तर ती तितंच रानार. मंग घर तिचाच हाय."

"आणि मी?"

"तू इकून टाक."

गिऱ्हाईक मिळालं, तेही मनासारखं. प्रितम आणि मृणाली, नवं जोडपं. तात्यांचा पैसा पुरता सुटणार होता. दोघं नोकरी आटोपून संध्याकाळीच आली. प्रितम सरळ आत जाऊन स्वयंपाकघराची लांबीरुंदी बघू लागला. मृणाली उंबऱ्याशी थांबली.

"आजी, अशा दारात का बसलात? या ना आत."

अनयने पाहिलं. उंबरा रिकामा होता. मृणाली वाकली, कोणाला तरी दंडाला धरून उठवावं तसा हात दिला आणि सावकाश आत गेली. अनयच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी त्याने मृणालीला अडवलं नाही.

थोड्या वेळाने ती दारात आली. "घर आवडलं आम्हाला. आजी तुमच्या आई का?"

खरं सांगावं तर तात्यांची उभ्या जन्माची कमाई बुडते. अनय म्हणाला, "हो. घेऊन जाणार आहे त्यांना."

मृणाली आत वळली, काही ऐकत राहिली. परत वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"त्या म्हणतात, याला मी वळखत न्हाय."

प्रितम बाहेर आला. बायको ज्या खोलीशी बोलत होती ती रिकामी खोली त्याने पाहिली, तिचं मनगट धरलं आणि दोघं भराभर जिना उतरून गेली.

व्यवहार मोडला, म्हातारी आत राहिली, तात्यांचा पैसा गेला, हे अनयला कळत होतं. दार सताड उघडं होतं, आत अंधार पडला होता. दिव्याचं बटण आतल्या भिंतीला. त्याने आत पाय टाकला.

"कोन हाय?" अंधारातून म्हातारीने विचारलं.

कागदोपत्री मालक तोच होता. तरी त्याने पाय मागे घेतला. एवढा एक प्रश्न ताबा घेतला त्या दिवशी दारात बसलेल्या बाईला आपण का विचारला नाही, म्हणून तो जिन्यात बसून रडला.