दिवेलागणीच्या आत

लोटू पैलवान धुळ्याच्या दवाखान्यात पडून आहे ही बातमी सुरतेच्या डिंडोलीत मंगळवारी पोचली, आणि बुधवारी सकाळपर्यंत अर्ध्या डिंडोलीने चहा सोडला होता. पैलवानाच्या काविळीचा आणि चहाचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. काहीतरी सोडायला हवं होतं, आणि रोज बारा तास कापड विणणाऱ्या लूमवर उभ्या राहणाऱ्या या माणसांकडे चहा सोडला तर सोडण्यासारखं होतं तरी काय? ज्याला चहा सुटेना त्याने तंबाखू सोडली आणि दुपारपर्यंत सगळ्यांशी भांडण काढलं.

लोटू पारोळ्याकडचा. धुळ्यापासून बऱ्हाणपुरापर्यंतच्या जत्रांतल्या कुस्त्यांवर त्याचं पोट चालायचं, आणि नऊ वर्षांत त्याची पाठ कुणी मातीला लावलेली नव्हती. सव्वाशे किलोचा गडी, पण आखाड्यात असा हलका चालायचा की माती उडायची नाही. खानदेशातून सुरतेला आलेल्या कारीगरांना गावाकडचं जे काही अजून आपलं वाटत होतं, त्यात लोटूचा नंबर पहिला होता.

आणि त्या सगळ्यांत भिकन सर्वांत वेडा. वय चाळीस, उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तेरा वर्षं चार लूम सांभाळणारा. त्याच्या खोलीत भिंतीवर कानबाईचा फोटो होता आणि शेजारी वर्तमानपत्रातून कापलेला लोटू. बायको धनश्री म्हणायची, "कानबाईला उदबत्ती लावता तेव्हा धूर कुठे जातो ते बघते हं मी." भिकन नुसता हसायचा. दरवर्षी चैत्रात खाडा करून तो जत्रेला जायचा, पहिल्या रांगेत बसायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. लोटूला मात्र त्याचा चेहराही ठाऊक नव्हता.

खात्यात लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, तिथे सगळं हातांनी आणि ओठांनी चालतं. त्या आठवड्यात रोज सकाळी भिकन आत शिरला की लूमांच्या रांगांमागून चाळीस चेहरे त्याच्याकडे वळायचे. तो तळहात हवेत हलवायचा, म्हणजे आहे तसंच. चेहरे पुन्हा धाग्यांकडे वळायचे. दुसऱ्या एका पैलवानाचा भक्त असलेला किसन, जो एरवी लोटूला 'म्हातारा रेडा' म्हणायचा, तोही मान खाली घालून काम करायचा. मगनशेठने एकदा विचारलं, "आ लोटू कोण छे? तमारो सगो?" भिकन म्हणाला, "सगोच समजो, शेठ." शेठ दोन पावलं मागे सरकला. प्लेगला दोन वर्षं झाली होती, तरी सुरतेत कुणाच्या सग्याचं दुखणं ऐकलं की माणसं अजून मागे सरकत.

शनिवारी संध्याकाळी धुळ्याहून हिलालचा फोन आला. हिलाल लोटूचा आखाड्यातला जोडीदार, दवाखान्यात त्याच्याजवळ तोच बसून होता. कावीळ डोक्यात चढली आहे, माणसं ओळखत नाही, घरच्यांना बोलावून घ्या असं डॉक्टर म्हणाले आहेत. एवढं सांगून हिलाल थोडा थांबला आणि म्हणाला की लोटूने दुखणं लागण्याच्या आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर कावळ्यांची जोडी लागलेली पाहिली होती.

भिकनने हे चाळीत येऊन सांगितलं तेव्हा म्हाताऱ्या चिंधाने हातातली बिडी विझवली. चिंधा खात्यातला सर्वांत जुना कारीगर, आणि अशा गोष्टींत त्याचा शब्द शेवटचा.

"आणि मग खोटी बातमी पाठवली का नाही?" तो म्हणाला.

कुणीच पाठवली नव्हती. कावळ्यांची जोडी पाहिली की मरण माग काढत येतं, आणि त्याला परतवायचा उपाय खानदेशात लहान पोरालाही माहीत असतो. माणूस गेला अशी खोटी बातमी त्याच्या जवळच्याला द्यायची. त्याने ती खरी मानून हंबरडा फोडायचा. मरणाला ते रडणं ऐकू येतं, काम उरकलं असं समजून ते परत फिरतं. लोटूची बायको नव्या विचारांची, नवऱ्याविषयी असलं अभद्र बोलायला तिने साफ नकार दिला होता.

"पण एक ध्यानात धर," चिंधा म्हणाला. "दिवेलागणीच्या आत रडणाऱ्याला खरं सांगायचं. नुसतं सांगून चालत नाही, त्याला ते पटलं पाहिजे."

"नाही पटलं तर?" किसनने विचारलं.

चिंधाने विझलेली बिडी पुन्हा तोंडात धरली. त्याला बहुतेक ठाऊक नव्हतं.

रडायला कोण, हे ठरलेलंच होतं. लोटूची थोरली बहीण भागीरथी कोसाडच्या वसाहतीत राहायची. नवरा धुळ्याला गेला होता. मुलगी बाळंत व्हायला आलेली, म्हणून ती अडकली होती. आणि सांगायला कोण, हेही ठरलं. भिकन. कारण त्याने कधी कुणाला थाप मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

रविवारी दुपारी भिकन तापी ओलांडून कोसाडला पोचला तेव्हा अडीच वाजले होते. भागीरथी ओट्यावर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत बसली होती. पन्नाशीची, भावासारख्याच रुंद खांद्यांची बाई. तिने वर पाहिलं.

"ये भाऊ, बस. डिंडोलीथून उना का?"

भिकन बसला. वाटेत घोकलेलं वाक्य त्याने दोनदा मनात म्हणून पाहिलं. शेवटी जमिनीकडे बघत तो म्हणाला, "आक्का, लोटू पैलवान गया."

भागीरथीचा हात साडीवर थांबला. ती रडली नाही. तिने भिकनचा चेहरा निरखला.

"कितला वाजता?" तिने विचारलं.

याचा विचार कुणी केला नव्हता. "अकरा," भिकन म्हणाला.

"अकरा." भागीरथीने मान हलवली. मग ती अगदी हळू बोलली. "मंग बारा वाजता तो आठे कसा उना?"

बारा वाजता लोटू इथे? भिकनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तू बसेल शे ना, तठेच बसना व्हता," ती म्हणाली. "अंगवर लाल माती. मी म्हन्तं, लोटू, दवाखानामाथून कसा उना? काही बोलना नही. दोन तांब्या पानी पिना. म्हने, आक्का, आते जास. आन गया."

भिकन ज्या फरशीवर बसला होता तिच्यावरून पटकन उठला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण जे खोटं म्हणून सांगायला आलो ते अकरा वाजताच खरं झालेलं आहे, आणि आपल्याच तोंडून आपल्याला ते कळलं आहे. त्याच्या छातीतून असा आवाज निघाला की शेजारची दारं उघडली. तो ओट्याखाली मातीत बसून रडला. बाप गेला तेव्हा खात्यातली पाळी बुडू नये म्हणून भिकन नीट रडला नव्हता, तेही आता निघालं. भागीरथी त्याच्याजवळ आली नाही. जमलेल्या बायकांनाही तिने हाताने थोपवलं आणि त्याला पोटभर रडू दिलं.

पाच वाजता तिने पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढे बसली.

"उगा रह्य, भाऊ. लोटू जित्ता शे."

भिकनने नाही म्हणून मान हलवली.

"मी खोटं बोलनू," ती म्हणाली. तिने सगळं सांगितलं. दीड वाजता तिने कोपऱ्यावरच्या बूथवरून हिलालला फोन केला होता. लोटूचा श्वास चालू होता. भिकनने तोंड उघडताच तिला कळलं की हा कशासाठी आला आहे. पण खोटं आहे हे कळल्यावर तिला रडू कसं येणार? आणि रडणं तर खरंच हवं. समोर बसलेल्या माणसाची तळमळ तिला दिसली, म्हणून तिने बातमी उलटी त्याच्यावर फिरवली. "तो आठे उनाच नही, भाऊ. पानीबी पिना नही. समदं मन्हा मनथून."

"तुम्ही माझी समजूत काढताय, आक्का," भिकन म्हणाला.

तिने आईची शपथ घेतली, होणाऱ्या नातवंडाची घेतली. भिकनला तिचा शब्दन् शब्द समजत होता. पटावं असं त्याला मनापासून वाटत होतं, जीव तोडून तो पटवून घ्यायला बघत होता. पण 'गेला' हे आत जाऊन बसलं होतं आणि हलत नव्हतं. भागीरथीने आकाशाकडे पाहिलं, त्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच बूथवर नेलं.

धुळ्याची लाइन लागेना. "आ रूटनी बधी लाइनो व्यस्त छे," फोनमधली बाई परत परत सांगत होती. भागीरथी नंबर फिरवत होती, मधेच भिकनकडे वळून विचारत होती, "पटनं का? भाऊ, पटनं का?" खोटं बोलून हो म्हणायचंही त्याला सुचलं नाही. बाहेर उजेड होता, दिवेलागणीला निदान अर्धा तास तरी होता. पण बूथवाल्याला फोनवरचे आकडे दिसेनात, म्हणून त्याने हात वर करून ट्यूबलाइट लावली. ती दोनदा लुकलुकली आणि पेटली. भागीरथीच्या तोंडून नुसतं "अरे" एवढंच निघालं.

आणि त्याच वेळी लाइन लागली. हिलाल पलीकडे हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. लोटूने डोळे उघडले होते. माणसं ओळखत होता, भाकरी मागत होता. "पन आक्का, एक गंमतच," तो म्हणाला. "उठ्या उठ्या काय म्हने माहीत शे? म्हने, आते मी आक्काकडे जाई उनू. दोन तांब्या पानी पिनू."

हिलालचा आवाज मोठा, भिकनलाही सगळं ऐकू आलं. भागीरथीने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

दीड महिन्याने लोटू पैलवान सुरतेला आला. डिंडोलीच्या मोकळ्या पटांगणात रविवारी सकाळी त्याचा सत्कार ठेवला होता. दुखण्याने तो निम्मा झाला होता, तरी गाडीतून उतरताना पायरी करकरली. चिंधाला त्याने मिठी मारली तर म्हातारा बरगड्या चोळत बसला आणि सगळ्यांना सांगत सुटला, काय ताकद, काय ताकद! किसनने स्वतः हार घातला. पोरं ओरडत होती, फटाके वाजत होते. पहिल्या रांगेत भिकन उभा होता आणि त्याच्या तोंडून आवाज निघत नव्हता. समोर लोटू चालत होता, आणि भिकनला एखाद्याचं प्रेत आंघोळ घालून उभं केल्यासारखं वाटत होतं. स्वतःची त्याला शिसारी आली. ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले तो परत आला, आणि आपल्याला आनंद का होत नाही?

लोटू रांगेतून हात मिळवत आला आणि त्याच्यापुढे थांबला.

"भिकन?" तो म्हणाला.

भिकनने मान हलवली.

"आक्काने सांगं मले समदं. तुन्हा उपकार शेतस." मग लोटू आणखी जवळ आला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतका. "पन तू आजून रडी राहिना, भाऊ. रोज दिवा लागनात की मले ऐकू येस. घरमा कोनलेच येत नही, मले येस. एकदाव म्हन, लोटू जित्ता शे."

नऊ वर्षं कुणाकडून न हरलेला माणूस भिकनकडे काहीतरी मागत होता.

"लोटू जित्ता शे," भिकन म्हणाला.

लोटू वाट बघत राहिला. मग त्याने मान हलवली. "मनथून नही उनं."

"पैलवान, मी काय करू?" भिकन म्हणाला. "रोज स्वतःला सांगतो. बसत नाही भरवसा."

लोटूने गळ्यातले हार काढून किसनच्या हातात दिले. "मंग धर मले," तो म्हणाला, आणि लंगोट नाही, आखाडा नाही, तसाच खाली वाकून त्याने मांडीवर थाप मारली. पटांगण पेटलं. पैलवान भिकनशी कुस्ती खेळतोय! धनश्री बायकांतून उठून उभी राहिली. भिकनला कळलं की लोटूला काय करायचं आहे. अंगावर ते ओझं पडलं, तो घाम लागला, की मन कितीही अडलं तरी अंगाला पटेल. त्याने हात पुढे केले.

लोटूने एका हिसक्यात त्याला खाली घेतलं. भिकनची पाठ मातीला लागली आणि पैलवान त्याच्या छातीवर आला. भोवती लोक नाचत होते. कुणीतरी ओरडलं, "भिकन चिरडी जाई रे!" लोटूच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, दात आवळलेले होते, त्याचे गुडघे भिकनच्या दोन्ही बाजूंना मातीत रुतत चालले होते.

भिकनला छातीवर कसलंच ओझं लागत नव्हतं. त्याला नीट श्वास घेता येत होता.

"पैलवान," तो हळूच म्हणाला, "जोर लावा ना."

लोटूचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर वर होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"लायेल शे, भाऊ," तो म्हणाला. "समदा लायेल शे."