विठोबाच्या माडाचा डूख

मी एक जुना माड आहे. मालवणच्या बंदरालगत, प्रेमलताबाईच्या अंगणाच्या कोपऱ्यात उभा आहे. माड गोड पाणी देतो, मऊ खोबरं देतो, म्हणजे त्याचा स्वभावही गोडच असणार, असं तुम्हाला वाटत असेल तर मित्रांनो, ती समजूत इथेच सोडा. मी डूख धरणारा माड आहे.

मला लावलं प्रेमलताबाईच्या नवऱ्यानं, विठोबानं. तो होडीवर जायचा, ती बाजारात मासे विकायची. मासे धुतलेलं पाणी ती रोज माझ्या मुळाशी ओतायची. त्या पाण्यावर मी वाढलो आणि माझे नारळ असे टणक निघाले की नारळी पौर्णिमेला सगळं बंदर त्यांना वचकून असे.

आमच्याकडे त्या दिवशी नारळ लढवतात. एकानं नारळ हातात धरायचा, दुसऱ्यानं आपला त्यावर मारायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. टोक पुढे करून उभा धरलेला नारळ सहसा फुटत नाही. आडवा धरून मार पोटावर घेतला, की करवंटी तडकलीच म्हणून समजा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

१९९८ साली विठोबानं माझ्या एकाच नारळानं गुरुदासचे सगळे नारळ फोडले. हा गुरुदास आमच्याच वाडीतला, इंग्लंडात हॉटेल काढून बसलेला. दरवर्षी श्रावणात हॉटेल बंद ठेवून तो गावी मिरवायला यायचा. त्या दिवशी लोक हसले आणि तो हसण्यावारी नेल्यासारखं दाखवून निघून गेला. पुढे विठोबा आजारानं गेला. घर एकट्या सर्वेशवर, म्हणजे त्याच्या मुलावर पडलं. तेव्हा हाच गुरुदास दारात आला आणि म्हणाला, "पोराक माझ्याकडे धाड. हॉटेलात जेवाण करूक रांधपी व्हयो आसा." प्रेमलताबाईनं हात जोडले. मला मात्र तेव्हाच वास आला होता.

पुढच्या श्रावणात गुरुदास सर्वेशला बरोबर घेऊन आला, बॅगा उचलायला. पौर्णिमेला त्यानं हुकूम सोडला, "बापाशीच्या माडाचो नारळ घेवन ये." सर्वेशनं माझा नारळ नेला आणि सगळ्यांसमोर आडवा धरला. फुटला. गुरुदासनं तुकडे उचलून ओरडून सांगितलं, "विठोबाचो माड म्हातारो झालो रे!"

माझं पोर, तो नारळ, नामर्द नव्हतं, मित्रांनो. धरणाऱ्या हातानं घात केला होता. माझ्या झावळ्या रागानं थरथरल्या. लोकांना वाटलं वारा सुटला.

संध्याकाळी माझ्याच बुंध्याशी प्रेमलताबाईनं मुलाला धरलं. "रे, आडवो कित्याक धरलंस? बापाशीन ह्याच शिकवल्यान तुका?"

"आये, हळू बोल. माका थंय फक्त तेच्याच हॉटेलात काम करूची सरकारी परवानगी आसा. तेणा काढल्यान, की माका घराक परतूचा. पाच वर्सां भरांदेत. मगे खंयपण, कोणाकडेपण काम करूक मोकळो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत आडवो."

 मग पदरानं डोळे पुसून त्या माउलीनं माझ्या मुळाशी पाणी ओतलं.

दरवर्षी तसंच झालं. गुरुदास यायचा, माझं पोर फोडायचा, तुकडे वाटायचा. बंदरावर माझं नाव गेलं. पूर्वी पौर्णिमेच्या आधी माझ्या नारळांसाठी रांग लागायची, आता कुणी फुकट नेईना. खोडात खिळे ठोकून त्यावर लोक ओली जाळी टाकू लागले. प्रेमलताबाईला सगळं माहीत होतं, पण बोलली तर गुरुदासच्या कानावर जाणार आणि मुलाची भरत आलेली वर्षं मातीत जाणार. म्हणून तिनं मला बदनाम होऊ दिलं. मीही सोसलं. पण नारळ पिकायला वर्ष लागतं आणि ते वर्षभर मी काय काय आत साठवत होतो, ते माझं मला माहीत.

२०१२ ची पौर्णिमा आली. या खेपेला सर्वेश स्वतः माझ्यावर चढला. एकेक नारळ नखानं टिचकून, कानाशी धरून त्यानं एकच काढला. उतरताना माझ्या खोडाला कपाळ लावलं. मला समजलं.

बंदरावर गुरुदास पांढऱ्या पँटीत उभा होता. सर्वेशनं नारळ धरला. उभा. गुरुदासनं मारला आणि त्याचाच फुटून पाणी पँटीवर सांडलं. दुसरा फुटला. तिसराही फुटला. गर्दी ओरडू लागली. गुरुदास दात खाऊन पुटपुटला, "आडवो धर रे. परत थंय येवचा आसा ना तुका?"

"येतलंय शेट," सर्वेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण तुमच्याकडे नाय. पाच वर्सां भरली, माका मोकळीक गावली. आता तुमच्या समोरच्या हॉटेलात रांधतलंय."

प्रेमलताबाईनं फुटके नारळ आपल्या माशांच्या पाटीत भरले. त्यांचा नारळी भात केला आणि वाडगा स्वतः गुरुदासच्या घरी नेऊन दिला. "तुझ्याच नारळांचो आसा. पोटभर खा हां."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. वर्षभरात गुरुदासचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोर जेवायला जाऊ लागलं, आणि आता, २०१४ साली, तो हॉटेल विकून गावातच राहतो. हे ऐकलं तेव्हाही बरं वाटलं.

मित्रांनो, माडाला पाणी घाला. त्याच्या अंगात खिळे ठोकू नका. आणि ज्याचं पोट तुमच्या हातात आहे, त्याला मान खाली घालायला लावू नका. तो दिवस मोजत असतो.

गुरुदास हल्ली बाजारात जाताना माझ्याखालची वाट टाळून लांबून जातो. लोक त्याला समजावतात, नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही. खरं आहे, डोळे असतात. म्हणून तर मला गुरुदास लांबूनही ओळखू येतो.