शिडीच्या पायाशी

एकसष्ट साली उमरग्यात एका दुकानाला चुना देताना चाँदपाशा शिडीवरून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको नसीमबी रोज शिडीच्या खालच्या पायरीवर उभी राहायची. त्या दिवशी चुना कालवायला ती तेवढी खाली उतरली होती.

चाळिसावा झाल्यावर ती शेजारच्या बिभीषण मास्तरांकडं आली. मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे.

"मास्तर, तुमी पोरांना शिडीची गणितं शिकवता म्हणं. म्या उभी असते तर शिडी घसरली नसती का? तेवढं सांगा."

मास्तरांनी शिडीची लांबी विचारली, भिंतीपासूनचं अंतर विचारलं, दोघांची वजनं अंदाजानं धरली. कागदावर शिडी काढून त्यांनी तिच्या पायाभोवती आघूर्णं घेतली, म्हणजे शिडीला फिरवू पाहणारे जोर मोजले. अगदी तळाशी उभ्या बाईच्या वजनानं शिडी फिरत नव्हती, उलट तिची फरशीवरची पकड वाढत होती. त्यांनी गणित पुन्हा केलं. शिडी जागची हलली नसती.

त्यांनी कागद चुरगळून मुठीत धरला.

"न्हाय, नसीमबी. तुम्ही असता तरी घसरलीच असती."

ती त्यांच्या मुठीकडं बघत राहिली.

"मग कागद का चुरगळला, मास्तर?"

नसीमबी भिंतीला धरून उठली आणि घरी गेली. त्यानंतर तिच्या घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी लेक येऊन तिला तेरखेड्याला घेऊन गेली, तेव्हा मास्तर दारातच उभे होते. तिनं मान वर केली नाही.