चाचणीचा आवाज

बिनतारी नेटवर्कच्या त्या प्रयोगशाळेत सहा वर्षं चाचणीला एकच आवाज होता, इंजिनिअरच्या आईचा. हाताशी होतं म्हणून त्यानंच तिचं फोनवरचं रेकॉर्ड झालेलं बोलणं दिलं होतं: "जेवलास का रे?" आणि पाठोपाठ खोकला. वर्षभरात आई छातीच्या दुखण्यानं गेली. तरी रोज शंभरदा ती त्याच्या जेवणाची चौकशी करायची. त्याला आता त्याचं ना सुख ना दुःख.

आज नव्या यंत्रणेतून आवाज पापणी लवायच्या आत पलीकडे पोचला. साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, काय स्वच्छ आलाय! खोकलासुद्धा गाळला पठ्ठ्यानं, लाइनची खरखर समजून."

"मीही तेव्हा तेच समजलो होतो," तो म्हणाला, आणि त्यानं पुढची चाचणी लावली.